हाताच्या उबेचा दिवा

आमसुलांची अर्धी चटई उलटून झाली होती. रातांब्याचं एकेक साल उचलायचं, आगळात, म्हणजे त्याच्याच खारवलेल्या रसात, बुडवायचं आणि ओली बाजू उन्हाला दाखवून पुन्हा मांडायचं. या कामात घाई चालत नाही. घरात सुतक आहे म्हणून झाडावरचे रातांबे काही पिकायचे थांबत नाहीत, तेव्हा सातव्या दिवशीही अनुसूया घरापुढच्या खळ्यात वाकून बसली होती. हात मनगटापर्यंत लाल झाले होते. बाराचं ऊन डोक्यावर आलं होतं. वाडीतली एक झावळी हलत नव्हती आणि रोज या वेळी कालवा करणारे कावळे कुठे गप्प झाले होते कोण जाणे.

फाटकाची कडी वाजली. खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसत दादू आत आला.

"वैनी, आज लय उशीर झाला. पुलावर ट्रक बंद पडलाय, अलीकडं पलीकडं गाड्याच गाड्या. अर्धी वाट चालतच आलो." तो पायरीशी चपला काढू लागला. "आत कोन बसलंय? सलिल?"

अनुसूयेच्या बोटांतलं साल बोटांतच राहिलं.

आत दादू बसलाय, या भरवशावर तर ती बाहेर आली होती. पाव तासापूर्वी ती दिव्याशी होती, तळहात पितळी ताटलीवर, डोळे मिटलेले, तोंडाने नाम चाललेलं. मागून आवाज आला, "घेतला." जाड, बसका आवाज. तिने हात बाजूला केला, मागे वळून न बघता उठली आणि आमसुलांकडे आली. पाच दिवस बाराच्या ठोक्याला हेच होत होतं, मग आज वळून कशाला बघायचं?

मुलगा सलिल आणि सूनबाई श्रद्धा सकाळीच मृत्यूच्या दाखल्याच्या कामाला अलिबागला गेले होते. घरात दुसरं माणूस नव्हतं.

या दिव्याची गोष्ट कळायला अनुसूयेचे यजमान विश्वंभरराव कोण होते ते सांगायला हवं. सांगण्यासारखं फार काही नाही. रोह्याकडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी बॉयलर सांभाळला, आणि निवृत्त झाल्यावर रेवदंड्याला आपल्या पोफळीच्या वाडीत येऊन राहिले. उजवा कान बॉयलरच्या आवाजाने गेला होता. पंचवीस वर्षं जोडीला असलेला दादू खाडीपलीकडच्या गावचा. तोही निवृत्त होऊन घरी बसला होता, म्हणजे बसला नव्हता, दर दोन दिवसांनी वाडीत यायचा.

बॉयलरपाशी एक नियम असतो. पाळी बदलताना नवा माणूस ज्वाला बघतो, पाण्याची काच बघतो, दाबाचा काटा बघतो आणि म्हणतो, "घेतला." तो शब्द कानावर पडेपर्यंत जुन्या माणसाने जागा सोडायची नाही, मग घरी लग्न असो नाहीतर दारात पूर असो. विश्वंभररावांनी ही सवय घरातही आणली होती. चहाची कपबशी हातात देताना ते "घेतला" म्हणेपर्यंत सोडायची सोय नव्हती. सलिल जन्मला तेव्हा सुईणीच्या हातून त्याला घेतानाही हे "घेतला" म्हणाले होते, आणि ती बिचारी म्हणाली होती, मुलगा आहे हो, पार्सल नव्हे.

एकतीस वर्षं आगीसमोर बसून माणसाला आगीचा कंटाळा यावा. यांना तिची कीव आली. किती उष्णता फुकट जाते, हा त्यांचा जन्माचा सल. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम केलं: धग दिसली की तिला नोकरीला लावायची. समईच्या वर पत्र्याचं चक्र टांगलं. ज्योतीच्या गरम हवेवर ते फिरायचं आणि त्याला बांधलेली घंटी आरती संपेपर्यंत वाजायची. चुलीवर दोन डब्यांचं एक यंत्र ठेवलं. खालचा डबा तापला की वरचा पंखा फिरून स्वयंपाक करणारीला वारा घालायचा. "आगीनेच गारवा द्यायचा, म्हणजे तिचं पाप फिटतं," असं म्हणायचे. गोठ्याचा पत्रा दुपारी तापून ताणतो, त्याला तार आणि तारेला कोंबड्यांच्या खुराड्याची कडी. पत्रा ताणला की कडी आपोआप उघडायची. पहिल्याच दिवशी सगळ्या कोंबड्या भर बारा वाजता सुचितावैनींच्या वाडीत. या सुचितावैनी म्हणजे चुलत जाऊ, शेजारच्याच वाडीत राहणारी, जिभेने जरा तिखट.

"विसूभाऊजी, एवढी धग धग करताय तर माझ्या डोक्यावर पापड भाजून बघा," त्या कुंपणावरून म्हणाल्या.

"विचार केलाय वैनी," हे शांतपणे म्हणाले. "पण तुमचा राग टिकत नाही. सतत आच लागते."

हसण्यावारी जाणाऱ्या या गोष्टींत एकच गोष्ट अशी होती की ती निघाली की अनुसूयेच्या अंगावर काटा यायचा. गावात कोणाच्या मयताला जाऊन आले की हे अंघोळ करून ओटीवर बसायचे आणि हिशेब मांडायचे. "इतकी लाकडं. इतकी धग. एका माणसाच्या चितेवर आपल्या आळीतले दिवे सबंध रात्र जळतील. आणि होतं काय? धूर." ती म्हणायची, नका हो असलं बोलू. ते म्हणायचे, "अगं, उष्णता संपत नाही. जागा बदलते. ती जाताना आपण तिला नुसतं बघत बसतो, याचं वाईट वाटतं."

हा दिवा त्यांनी तिच्यासाठी केला होता, दोन वर्षांपूर्वी. मुंबईहून टपालाने पांढऱ्या चकत्या मागवल्या. पितळी ताटलीच्या पोटाला त्या चिकटवल्या, त्यांची दुसरी बाजू तांब्याच्या घंगाळातल्या पाण्याला टेकवली, घंगाळाला बॉयलरसारखी बारकी तोटी बसवली आणि कडेला काड्यापेटीएवढी डबी. डबीतून ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा निघालेला.

"हात ठेव," म्हणाले.

तिने ठेवला. दाणा उजळला. काजव्यासारखा, किंचित हिरवट.

"तुझा हात गरम, विहिरीचं पाणी गार. उष्णता हातातून पाण्याकडे निघते. वाटेत तिला एवढंसं काम लावलं."

"आणि पाणीही हाताइतकं गरम झालं की?"

"मग तिला कुठे जायला कारण उरत नाही. दिवा शांत."

त्या दिवसापासून ती रामरक्षा म्हणताना तळहात ताटलीवर ठेवायची. म्हणणं चालू तोवर दिवा चालू. तेल नाही, वात नाही, नुसती म्हणणाऱ्याची ऊब. देवाला याहून जवळचं काय द्यायचं, असं तिला वाटायचं; पण हे तिने यांना कधी सांगितलं नाही, नाहीतर ते लगेच घंगाळ मोठं करायला निघाले असते.

वैशाखात यांना ताप भरला. तीन दिवस उतरेना. डॉक्टर येऊन गेले, रक्त तपासायला गेलं, आणि हे पडल्या पडल्या म्हणाले, "तो दिवा आण इकडे. एवढा ताप फुकट चाललाय." तिने आणला. यांनी हात ठेवला आणि दिवा असा फुलला की भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या. "बघ, एकशे तीनला काय दाब आहे," म्हणाले, आणि खूश झाले.

मग ती दिव्यावरूनच ताप ओळखू लागली. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता तिने पाहिलं तर दिवा मंदावत होता. तिने हात जोडले. उतरला बाई ताप एकदाचा, असं मोठ्याने म्हणालीसुद्धा. दिवा आणखी बारीक झाला. आणखी. तिला बरं वाटत होतं, ते किती वेळ वाटत राहिलं याची पुढे तिला लाज वाटली. मग तिचं लक्ष यांच्या छातीकडे गेलं.

ती ओरडली नाही. तिने आधी आपला तळहात यांच्या तळहाताखाली सरकवला. विझायला आलेला दाणा पुन्हा वर आला. आणि जन्मात कधी न उच्चारलेला शब्द तिच्या तोंडून निघाला, "घेतला."

मग तिने, तापाचं कळून आदल्या रात्री पुण्याहून आलेल्या सलिलला हाक मारली.

माणूस जिथे जातो तिथे दहा दिवस दिवा ठेवायचा असतो आणि तो विझू द्यायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अनुसूया म्हणाली, हाच दिवा राहील. सलिल पुण्याला नोकरी करणारा, शहाणा मुलगा, तो म्हणाला, "आई, दहा दिवस हात कोण ठेवणार?" ती म्हणाली, "यांच्या हातातून माझ्या हातात आलाय तो. मध्ये विझला नाही. आता माझ्या हातून विझला तर मी यांना काय सांगू?" सुचितावैनींनी डोळ्यांना पदर लावत टोमणा मारलाच, "जगात तेल महाग झालंय म्हणायचं." पण दुपारी त्याच येऊन पहिली पाळी बसल्या.

स्मशानात चिता पेटली तेव्हा दादू एकटा जवळ उभा राहिला होता. सगळे धगीने मागे सरले, तो सरला नाही. ज्वालेचा रंग बघत होता, जसा पंचवीस वर्षं बघत आला तसा. घरी येऊन त्याने सांगितलं, "वैनी, मी रोज बारा ते दोन येनार. कारखान्यात बी भाऊकडनं दुपारपाळी मीच घ्यायचो." मग त्यानेच पाळीची वही आखली: वेळ, नाव, पाणी बदललं की नाही. पाळी बदलताना नव्याने हात आधी ठेवायचा, "घेतला" म्हणायचं, मग जुन्याने उठायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रद्धेने शिंक आली म्हणून हात उचलला, तर दोन श्वासांत दिवा विझायला आला. ती बिचारी रडायलाच लागली. त्यानंतर कोणी चूक केली नाही.

सुतकात अनुसूयेला देवांना हात लावता येत नव्हता. देवघराला कुलूप, चावी पलीकडच्या आळीतल्या रुचिताकडे. तीच सकाळी येऊन पूजा करून जायची. जन्मभर देवापुढे बसलेली बाई दहा दिवस देवाविना. त्यामुळे तिचं सगळं देवपण त्या ताटलीवर येऊन बसलं होतं.

आणि सातव्या दिवशी ती ताटली सोडून खळ्यात आमसुलं उलटत होती.

"दादूभावजी," ती म्हणाली, "मघाशी तुम्ही आला नव्हता?"

"आता येतोय न्हवं?"

"मला कोणीतरी 'घेतला' म्हणालं."

दादूने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या लाल हातांकडे. मग ओटीवरून आत गेला. ती त्याच्यामागे गेली. खोली अंधारी आणि बाहेरून आल्यावर डोळ्यांपुढे नुसते हिरवे ठिपके. तिला वाटलं, दिवा दिसतोय तो त्या ठिपक्यांतलाच एक भास आहे. नव्हता.

दिवा चालू होता. नुसता चालू नव्हता. भिंतीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या.

ताटलीवर कोणाचा हात नव्हता. समोरचा पाट रिकामा होता. बाजूच्या खाटेवरची गादी कधीच गुंडाळून ठेवली होती. देवघराला कुलूप लावताना कपाटावर आणून टांगलेलं समईचं चक्र, ज्याच्याखाली सात दिवसांत ज्योत नव्हती, ते अगदी सावकाश फिरत होतं, घंटीला न लागता. वारा म्हणावा तर बाहेर झावळी हलत नव्हती.

दादू खाली बसला. बॉयलरवाला माणूस आधी पाणी बघतो. त्याने तोटी उघडून ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि तसाच राहिला.

"हात लावा वैनी."

तिने लावला. कढत नव्हतं. पण चांगलं कोमट होतं. हे पाणी तिला ओळखीचं होतं. यांच्या तापात तिने तेच पाणी दर अर्ध्या तासाने ओतून नवं घातलं होतं. ताप भरलेल्या माणसाच्या हाताखालचं पाणी.

"पाव तास हात न्हाय, तर पाणी विहिरीवानी पाह्यजे," दादू हळूच म्हणाला. पाटावर नीट मांडी घातली, टॉवेलने तळहात पुसला. मग ताटलीकडे न बघता, रिकाम्या जागेकडे जरा वाकून म्हणाला, "घेतला, भाऊ. जा तू."

त्याने हात ठेवला तसा दिवा खाली आला. रोजच्याइतका, काजव्याएवढा झाला. कपाटावरचं चक्र थांबलं.

वहीत त्याने बारापासून सव्वाबारापर्यंतची ओळ आखली. नावाच्या जागी काही लिहिलं नाही. पाणी बदललं का, तिथे लिहिलं: नाही.

संध्याकाळी सलिलने वही पाहिली. "ही कोणाची पाळी?"

"मी उठून गेले होते रे," अनुसूया म्हणाली. "दिवा विझला नाही."

सलिल हसला, पण चांगल्या मनाने. "आई, भर दुपारी खोलीतच छत्तीस असतं. पाणी गार. हाताची गरजच काय? ताटली हवेनेच तापली. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

"असेल," ती म्हणाली. पाण्याचं तिने सांगितलं नाही. त्या शब्दाचंही नाही. पोराने नीट विचार करून उत्तर काढलं होतं, ते मोडावंसं तिला वाटलं नाही. आणि तिच्याकडे दुसरं उत्तर होतं असंही नाही. फक्त तिथून पुढे ती पाळीला बसली की पाटाच्या एका कडेला बसायची. बाजूला जागा सोडून. श्रद्धेने एकदा विचारलं, "आई, अवघडून का बसता?" तर म्हणाली, सवय.

दहाव्या दिवशी पुरुषमाणसं भटजींबरोबर खाडीवर गेली. घर सारवून झालं, कपडे धुऊन झाले. अकराच्या सुमारास सलिल परत आला, पिंडाला कावळा चटकन शिवला म्हणाला. आता दिवा उचलायचा.

अनुसूया दिव्याशी बसलेली. हात ताटलीवर. सगळे दारात उभे.

"काढ हात," सुचितावैनी म्हणाल्या. "झाले दहा दिवस. तू केलंस ते कोणी करत नाही."

ती हलली नाही. तिला हात काढता येत नव्हता. दहा दिवस हा हात कोणीतरी "घेतला" म्हटल्यावरच उचलला होता, आणि आता पुढे घेणारं कोणी नव्हतं. नुसता उचलला तर तो विझवल्यासारखाच. तिने दारातल्या गर्दीत दादूला शोधलं.

"भावजी, बॉयलर कायमचा बंद करायचा असला, तर शेवटचा माणूस काय करतो?"

"जाळ काढतो," दादू म्हणाला. "आन् बसून ऱ्हातो. थंड होईस्तोवर जागा सोडायची न्हाय."

तिने मान हलवली. जाळ तर ती स्वतःच होती. म्हणजे उलटं करायचं. पाणी बदलायचं नाही. पाणी हाताइतकं होईपर्यंत बसायचं, मग उष्णतेला जायला कारण उरणार नाही.

"आई, तासभर तरी लागेल," सलिल म्हणाला. "आताच मी घंगाळभर गार पाणी घातलंय."

"लागू दे."

सगळे ओटीवर जाऊन बसले. आत ती आणि दाराच्या चौकटीला टेकलेला दादू. ऊन वर चढत होतं. कौलांवरून खार पळाली, मग तीही थांबली. अनुसूयेने डोळे मिटले नाहीत. या वेळी तिला बघायचं होतं.

दहा मिनिटं झाली नसतील. दिवा खाली येऊ लागला.

दादू पुढे आला, वाकून घंगाळात बोट बुडवलं. बराच वेळ बुडवून ठेवलं.

"काय?" तिने विचारलं.

"एका हाताचं न्हाय हे, वैनी."

तिने ताटलीकडे पाहिलं. तिचा हात एका कडेला होता, तळव्याच्या रेघांत अजून आमसुलांचा लाल रंग. बाजूला मोकळं पितळ. त्या मोकळ्या जागेवर पितळ किंचित धुरकटलं होतं, गरम श्वास लागला की आरशावर येतं तसं. तिने हात तिकडे सरकवला नाही. काढलाही नाही. होता तिथेच ठेवला, जसा चाळीस वर्षं अंथरुणात मधे वीतभर अंतर ठेवून ठेवत आली होती.

दिवा ज्वारीएवढा होता तो राळ्याएवढा झाला. मग टाचणीच्या टोकाएवढा. मग तो आहे की डोळ्यांना भास होतोय हे कळेना. मग नव्हता.

ताटली, पाणी आणि हात, तिन्ही सारखे झाले होते. कुठे हात संपतो आणि कुठे पितळ सुरू होतं, हे तिला सांगता आलं नसतं. पितळावरचं धुकं कडेकडेने आक्रसत गेलं आणि मिटलं.

"थंड झाला," दादू म्हणाला.

"थंड कुठला," ती म्हणाली. "सारखा झाला."

मग तिने हात उचलला. तोटी उघडून कोमट पाणी तांब्यात भरून घेतलं, खळ्यात नेऊन रातांब्याच्या बुडाशी ओतलं, आणि आमसुलांच्या चटईवरून एक नजर फिरवली. वहीत दादू शेवटची ओळ लिहीत होता. नावाच्या जागी त्याने तिचं नाव लिहिलं, पेन थोडा वेळ तसाच धरला, आणि पुढे लिहिलं: व एक.

तिने ते वाचलं. खोडायला सांगितलं नाही.

"आई, कुठे निघालात उन्हाच्या?" श्रद्धेने ओटीवरून विचारलं.

"सुतक फिटलं," अनुसूया पायांत चपला सरकवत म्हणाली. "रुचिताकडून देवघराची चावी घेऊन येते."